एम.ए. (चालू)

महाराष्ट्रात बोरगावं पैशाला पासरी. म्हणून वर्ध्याला चिकटलेल्या आमच्या बोरगावानं नावापुढे ‘मेघे’ लावून घेतलं. शेजारी सावंगी मेघे, सिंदी मेघे. सिंदीला तर ते लावणं भागच होतं, कारण याच जिल्ह्यात दुसरी सिंदी आहे, ती ‘सिंदी रेल्वे’. गर्दीत ओळखू यायचं तर नावापुढे काहीतरी लागतं, हे आमच्याकडे गावांनाही कळतं. माणसं एम.ए. लावतात.

२०११च्या जनगणनेनं बोरगाव मेघेची नोंद शहरात केली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे शिक्षण शहराचं, नोकरी गावाची. इथल्या पोरापोरींचं पुढं काय होणार, ते गावानं आधीच स्वतःवर करून दाखवलं आहे.

एका संध्याकाळी शेजारचा पोट्टा फाइल घेऊन आला. यंदाच बी.कॉम. झाला. फाइल जाड प्लास्टिकची, बटणाची. आत प्रत्येक कागदाला वेगळी पारदर्शक पिशवी. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, सहा सत्रांच्या सहा गुणपत्रिका आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. एकवीस वर्षांच्या आयुष्यात त्याचं जे जे झालं, ते सगळं साक्षांकित आहे.

“काकाजी, एम.कॉम. करू का?”

“कर ना.”

“का एम.बी.ए. करू?”

“तेही चालते.”

“का एम.ए.ले नाव टाकून देऊ अन् एमपीएससीचा अभ्यास करू?”

‘नाव टाकून देणे’ हा आमच्याकडचा रुळलेला शब्द. शेतात बी टाकतात, लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून नाव टाकतात आणि एम.ए.ला नाव टाकतात. उगवायची अपेक्षा फक्त पहिल्याकडून असते. नाव टाकलं की वसतिगृहाची खोली राहते, शिष्यवृत्तीचा अर्ज चालू राहतो, ग्रंथालयाचं कार्ड राहतं, आणि “सध्या काय करतो?” या प्रश्नाला उत्तर राहतं. अभ्यास तेवढा दुसऱ्याच पुस्तकांचा होतो. मराठीच्या एम.ए.ला नाव असलेली पोरं पंचायत राजची कलमं पाठ करताना मी पाहिली आहेत. ज्ञानेश्वरांना बिचाऱ्यांना परीक्षेच्या आदल्या रात्रीच भेटता येतं.

चौथा पर्याय पोट्ट्यानं आवाज खाली घेऊन सांगितला. “का एक वर्ष गॅप घेऊ?”

आवाज खाली होता, पण भिंत एकच आहे. पलीकडून त्याची आई म्हणाली, “गॅप म्हंजे घरी बसशीन?”

*

गॅप हा प्रकार आमच्याकडे गुन्ह्याच्या शेजारी राहतो. एक वर्ष शिकला नाहीत आणि पुढच्या वर्षी प्रवेशाला गेलात, तर खिडकीतला बाबू मान वर न करता विचारतो, “गॅप सर्टिफिकेट?” मग सेतू केंद्र, मग प्रतिज्ञापत्र. मी अमुक तमुक, राहणार बोरगाव मेघे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, मी कोणतेही गैरकृत्य केलेले नाही, वरील मजकूर खोटा निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. खाली सही, शिक्का, फोटो.

एक वर्ष न शिकल्याबद्दल माणसाला शपथ घ्यावी लागते. आता पोट्ट्यानं दोन वर्षं कुठंतरी नाव टाकलं आणि तिकडे फिरकलाच नाही, तर? शपथ नाही, शिक्का नाही, कोणी विचारतही नाही. सदर कालावधीत मी काहीही शिकलो नाही, असं प्रतिज्ञापत्र एम.ए. झालेल्यांकडून मागायला लागले, तर तहसीलच्या आवारात उभं राहायला जागा उरणार नाही. त्या रांगेत मीही असेन.

हो, मी एम.ए. आहे. अर्थशास्त्र. पदवीचा कागद पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून आला होता. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, मी तो बाहेर काढतो. टेबलावर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवतो. पुस्तकं उचलली की तो सर्रकन गुंडाळी होऊन पूर्ववत. बाहेर राहायची त्याचीच तयारी नाही. त्या कागदावर विद्यापीठाचं नाव आहे नागपूरचं, आज ज्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज स्वतः कधी कॉलेजात गेले नाहीत. ग्रामगीता मात्र लिहून गेले. आता त्यांच्या नावाच्या विद्यापीठात पोरं त्यांच्यावर पीएच.डी. करतात. महाराज आज अर्ज घेऊन गेले असते, तर आधी गॅप सर्टिफिकेट आणा म्हणून परत पाठवलं असतं.

*

एम.ए.ची किंमत किती, हा प्रश्न मी पोट्ट्याला सरकारच्या तोंडून समजावून दिला. २०२४ साली राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोकांनी जिला ‘लाडका भाऊ’ केलं. महिन्याला विद्यावेतन असं : बारावी पास ६ हजार, आयटीआय किंवा पदविका ८ हजार, पदवीधर १० हजार, आणि पदव्युत्तर... पोट्टा पुढं सरसावला... १० हजार.

“म्हंजे वरच्या दोन वर्षांचे?”

“शून्य.”

बारावीनंतरच्या तीन वर्षांना सरकारनं चार हजार दिले, त्यापुढच्या दोन वर्षांना भोपळा. इतका स्वच्छ शेरा आमच्या कोणत्याही प्राध्यापकानं कधी उत्तरपत्रिकेवर दिला नाही.

“पण काकाजी, तलाठ्यात चांगलं जमते म्हणतात.”

जमतं ना. २०२३ची तलाठी भरती. जागा ४,६४४. पात्रता, कोणतीही पदवी. अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला फी हजार रुपये. त्या दहा लाखांत नावापुढे एम.ए., एम.एस्सी., एम.टेक. लावणारे किती असतील, ते आमच्या गल्लीतच मोजून पाहा. त्याआधी २०१८ साली मंत्रालयाच्या उपाहारगृहात वाढप्यांच्या तेरा जागा निघाल्या. पात्रता चौथी पास. अर्ज आले सात हजारांच्या आसपास, आणि निवडले गेले त्यांतले बारा पदवीधर होते. शिडी वर चढत जाते, अर्ज खाली उतरत येतो. चौथी पासवाल्यानं आता कुठं जावं? त्यानं बहुधा एम.ए.ला नाव टाकावं.

“मंग प्राध्यापक होतो,” पोट्टा म्हणाला. जिद्द होती म्हणायची.

आमच्या ओळखीत एक सर आहेत. एम.ए., सेट, पीएच.डी. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, सुटी लागली तर सरांनाही सुटी, पैशांनाही. पेरणीच्या दिवसांत ते भावाच्या कृषी केंद्रात बसतात. गेल्या जूनमध्ये मी तिथं उभा होतो. काउंटरवर कापसाच्या बियाण्याची पाकिटं, मागं युरियाच्या थप्प्या, सर गल्ल्यावर. एक तगडा पोरगा आला. सरांना बघून आधी गोंधळला, मग पाया पडला, मग म्हणाला, “सर, दोन बॅगा द्या. पैसे कापूस निघाल्यावर.” सरांनी वहीत नाव लिहिलं. पोरगा गेल्यावर मला म्हणाले, “वर्गात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, पण येत नाही कोणी. इथं न बोलावता येतात. सगळ्यांची नावं पाठ झाली.”

वर या खेळाचे नियम सतत बदलतात. यूजीसीनं २०१८च्या नियमात सांगितलं की २०२१पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागेलच. मग मुदत २०२३पर्यंत पुढं गेली. २०२३च्या जुलैत मुदत आली, तेव्हा सक्तीच उठली; नेट-सेट चालेल म्हणाले. तोवर ज्यांनी घाईघाईनं पीएच.डी.ला नावं टाकली, ते अजून प्रकरण दुसरे लिहून राहिले. आता नव्या धोरणात पदवी चार वर्षांचीही आहे. तीन वर्षांची केली तर पुढं एम.ए. दोन वर्षं, चार वर्षांची केली तर एकच. बेरीज तीच, पाच. शिंप्यानं पँटीचं कापड कापून शर्टाला जोडलं आणि म्हणाला, नवा ड्रेस. आणि चौथ्या वर्षापर्यंत ७५ टक्के मिळवले, तर एम.ए. न करताच नेटला बसता येतं, पीएच.डी.कडं जाता येतं. म्हणजे हुशार पोराला एम.ए. लागत नाही आणि बाकीच्यांना तिचा उपयोग होत नाही.

एवढं झाल्यावर मी पाणी प्यालो. माझं काम झालं होतं. पदवीधराला पदवीविषयी निरुत्साही करणं याच्याइतकं सोपं काम मराठी सदरलेखकाला दुसरं नाही.

*

तेवढ्यात पोट्ट्याचा बाप ड्यूटीवरून आला. विषय ऐकला आणि म्हणाला, “विनोबांनी तर सर्टिफिकेटं जाळून टाकली होती.”

वर्ध्यात फी भरायची वेळ आली की बापांना विनोबा आठवतात. विनोबांचं पवनार जवळ पडतं, त्याचा हा तोटा.

मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, जाळली हे खरं. इंटरच्या परीक्षेला म्हणून १९१६च्या मार्चमध्ये मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले, हेही खरं. पण नंतरचं कोणी सांगत नाही. गांधीजींच्या आश्रमात आल्यावर या माणसानं वर्षभराची रजा घेतली. गॅपच तो! वाईला प्राज्ञपाठशाळेत जाऊन संस्कृतात बसला, उपनिषदं, ब्रह्मसूत्रं केली, गावोगाव पायी हिंडला, लोकांना गीता शिकवली. आणि वर्ष संपता संपता गांधीजींना पत्र लिहून हिशेब दिला : काय वाचलं, काय शिकवलं, किती चाललो, काय खाल्लं. कोणी मागितलं नव्हतं. सेतू केंद्राच्या शिक्क्याशिवाय लिहिलेलं ते एकमेव गॅप सर्टिफिकेट मला ठाऊक आहे.

“तुमचा पोरगा सर्टिफिकेटं जाळायला तयार आहे,” मी म्हटलं. “ब्रह्मसूत्रांचं काय करता?”

बाप हातपाय धुवायला गेला.

आता मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, म्हणून पोट्ट्याला दुसराही वर्धेकर सांगितला. मगनवाडी इथून रिक्षानं जाण्यासारखी. तिथं जे. सी. कुमारप्पा राहायचे. मूळचे तंजावरकडचे, लंडनला हिशेबनिसाचं शिक्षण घेतलेले, मुंबईत चालता धंदा असलेले, अंगात सूट. पस्तिशीत धंदा सोडून अमेरिकेत शिकायला गेले. आधी सिराक्यूज, मग कोलंबिया. तिथं अर्थशास्त्राची एम.ए. केली, सेलिग्मनच्या हाताखाली. हेच सेलिग्मन बाबासाहेबांचेही प्राध्यापक. बाबासाहेबांची कोलंबियातली एम.ए. १९१५ची. कुमारप्पांनी विषय घेतला सरकारी पैशाचा : कर कोणाकडून गोळा होतो, खर्च कोणावर होतो, आणि हिंदुस्थान गरीब का राहतो. तो प्रबंध हातात घेऊन १९२९ साली ते साबरमतीला पोचले. पाच वर्षांनी ग्रामोद्योग संघ निघाला आणि कोलंबियाचा एम.ए. आमच्या मगनवाडीत तेलघाणीचा उतारा मोजत बसला. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर म्हटलं. त्या पदवीला ना अर्ज, ना अंतिम तारीख.

“म्हंजे एकानं जाळली, एकानं घेतली,” पोट्टा म्हणाला. “मंग मी का करू?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र मला त्या रात्री सुचलं नाही. मी त्याला वरवर म्हटलं, “तू एक काम कर. पुढची दोन वर्षं काय करणार, ते एका कागदावर लिही. त्यात एम.ए., एम.कॉम., एमपीएससी हे शब्द आले नाही पाहिजेत. मग ये.”

*

माझा तोरा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवला, तो आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरीनं.

ती एम.ए. करते. इतिहास. घरातली पहिली. तिच्या घरी समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. १४ एप्रिलच्या फलकावर त्यांच्या पदव्यांची रांग छापतात ना, एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, ती रांग तिनं लहानपणी पाढ्यासारखी पाठ केलेली. पोट्ट्यानं तिला माझं कालचं भाषण सांगितलं असावं. सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना म्हणाली, “काकाजी, एम.ए.चा काही उपयोग नाही म्हणता तुम्ही?”

“तसं नाही, पण...”

“मला आहे. बायोडाट्यावर ‘एम.ए. (चालू)’ लिहिलं आहे. जोवर चालू आहे, तोवर पाहुणे थांबतात. मामा म्हणते, होऊ द्या पोरीचं. दोन वर्षं भेटली मला. मी लायब्ररीत जाऊन बसते. घरी कोणी पुस्तक हातातून काढून घेत नाही.”

मी पिशव्या धरून उभा. पोट्ट्याला वेळ फुकट मिळतो, म्हणून तो त्याचं काय करावं हे विचारत हिंडतो. हिला वेळ विकत घ्यावा लागतो, आणि आमच्या गावात तो एम.ए.च्या खिडकीवरच मिळतो. हिनं घरी “मला एक वर्ष गॅप हवा” म्हटलं असतं, तर त्याच महिन्यात मुहूर्त काढला असता. ज्या नाव टाकण्याची मी काल टिंगल केली, त्याच्या आडोशाला ही पोरगी खरोखर वाचत बसली आहे. आणि एम.ए. निरुपयोगी आहे, हे मला एवढ्या ठसक्यात सांगता येतं, कारण माझी पुठ्ठ्याच्या नळकांड्यात सुखरूप आहे.

“विषय काय घेतला प्रबंधाला?” मी सावरून विचारलं.

“सेवाग्रामात स्वयंपाक कोण करायचं,” ती म्हणाली आणि दूध घेऊन गेली. गांधीजी १९३६ला सेवाग्रामला राहायला आले, तिथं कोण कोण भेटायला आलं, याच्यावर कपाटं भरून पुस्तकं आहेत. मी अर्धी वाचलीही असतील. चूल कोण पेटवत होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

*

चार दिवसांनी पोट्टा आला. हातात वहीचं फाडलेलं पान. वर तारीख, समास, खाली सही. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, कोऱ्या कागदावरही अर्ज लिहायचा. मधोमध चार ओळी :

‘बाबा हिवाळ्यात कापूस सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर नेतात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत. तोच कापूस मंग व्यापारी घेतो, कमी भावात. व्यापाऱ्याच्या घरी तो वाळतो का? वाळल्यावर कुठं जातो?’

मी पान दोनदा वाचलं. बी.कॉम.च्या सहा गुणपत्रिकांमध्ये जे कुठं दिसलं नव्हतं, ते इथं होतं. कर कोणाकडून गोळा होतो आणि खर्च कोणावर होतो, हे विचारणाऱ्या माणसाची मगनवाडी इथून दोन मैलांवर आहे, हे त्याला मी चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा तो मोबाइल पाहत होता, असं मला वाटलेलं.

“याच्यासाठी एम.कॉम. लागते का काकाजी?”

“लगेच नाही. आधी हिंगणघाटच्या बाजारात जा. एक हंगाम काट्याजवळ उभा राहा. कोणाची गाडी परत गेली, ती पुढे कुठं गेली, ते रोज वहीत लिही. मग वाटलं की हे समजायला पुस्तकं लागतात, शिकवणारा लागतो, तर त्या दिवशी प्रवेश घे. त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट मी स्वतः लिहून देतो.”

पोट्ट्याचा चेहरा उजळला. पान घडी करून त्यानं फाइलमध्ये ठेवलं, रिकाम्या पारदर्शक पिशवीत, नॉन-क्रिमीलेअरच्या मागं. दारापर्यंत गेला आणि वळला.

“जातो मी हिंगणघाटले. नक्की जातो. पण काकाजी...”

“काय?”

“एम.कॉम.चा फॉर्म भरून टाकला काल. लास्ट डेट होती.”

भिंतीपलीकडून त्याच्या आईचा आवाज आला. फोनवर नागपूरच्या आत्याला सांगत होती, “हो ना बाप्पा, एम.कॉम. चालू आहे त्याचं.”